त्यांच्या वतीने

माणिक चुरीने नवऱ्यासाठी आजवर काय केलं नव्हतं? त्याच्या टायफॉइडात तिने मीठ सोडलं, परीक्षेच्या वेळी सोळा सोमवार धरले आणि तो कंपनीत कायम होईपर्यंत पायात वहाण घातली नाही. उपास तिने करायचे आणि गुण त्याला यायचा, ही त्या घराची रीतच होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. श्यामकांतला तर नाहीच. त्या सोळा सोमवारांत तो आपला दोन्ही वेळ पोटभर जेवत होता. तेव्हा मनाच्या डॉक्टरकडे जाऊन बोलायची वेळ आली आणि श्यामकांतऐवजी माणिकच उठून गेली, यात तिचा कुणी खुळेपणा काढू नये. घरात कुणाला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

घर कांदिवलीच्या गावठाणातलं, वडिलोपार्जित, पुढे ओटा आणि मागे विहीर असलेलं. श्यामकांत फोर्टातल्या एका इमारती बांधणाऱ्या कंपनीत नकाशे काढायचा. मुंबई तेव्हा उपनगरांकडे सरकायला लागली होती, कंपनीला भरपूर काम होतं आणि श्यामकांतची रेघ म्हणजे रेघ, असं साहेब चारचौघांत म्हणायचा. घरात तो, माणिक आणि त्याची आई, माई. आणि पाच महिने जयंती होती. तिला सगळे जयू म्हणत.

गेल्या वैशाखात घटसर्पाने जयू गेली. दात यायच्या आत गेलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. त्याचं दहावं नाही, तेरावं नाही, पिंड नाही. नेऊन ठेवायचं, आंघोळ करायची, सुतक फिटलं. बायका बरोबर जात नाहीत. माणिकने आपलं एक धुऊन धुऊन मऊ झालेलं पातळ काढून दिलं, त्यात श्यामकांतने तिला गुंडाळलं आणि दोघा चुलत भावांबरोबर तो खाडीच्या वाटेने गेला. उन्हं कलताना परत आला, विहिरीवर आंघोळ केली, पानावर बसला. दुसऱ्या दिवशी माईंनी दारात रांगोळी काढली. शेजारणी आल्या, "देवाची ठेव होती, देवाने नेली," म्हणाल्या आणि चहा पिऊन गेल्या. कुणी काही चुकीचं वागलं नाही हो, हीच तर पंचाईत होती. सगळं रीतीप्रमाणे झालं आणि त्या रीतीत रडायला जागाच ठेवलेली नव्हती.

श्यामकांतने सगळा पावसाळा रेटला. दिवाळीनंतर एक दिवस तो ऑफिसातून दुपारीच परत आला. "रेघ येत नाही," एवढंच म्हणाला. पेन्सिल टेकवायची आणि हात तिथेच थांबायचा. मग तो ऑफिसला जाईनासा झाला, मग बोलेनासा झाला आणि मग ओट्यावर बसायला लागला. तेही सरळ नाही. ओट्यावर शेवग्याची सावली यायची, तशी ती अंगावर आली की हा उठून उन्हात सरकायचा. सावली त्याच्यामागे आणि हा तिच्या पुढे, असा दिवस जायचा. मानेची कातडी सोलून निघाली. माई ओला पंचा आणून डोक्यावर ठेवत, तो काढून बाजूला ठेवायचा. जाणारे-येणारे आधी हाक मारायचे, मग नुसते बघायचे आणि पुढे पुढे तर न बघता जायला लागले.

उपाय झाले नाहीत असं नाही. ब्राह्मीचं तेल झालं, अंगारा झाला, दृष्ट काढून झाली. साहेब भला माणूस होता, त्याने मेअखेरपर्यंत श्यामकांतची जागा राखून ठेवली होती. त्यापुढे मात्र माझ्या हातात नाही, असं त्याने सांगून पाठवलं. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी बोरीवलीचा पत्ता दिला. डॉक्टर मार्तंड कोठारे म्हणून कुणी होते, विलायतेत शिकून आलेले. दर गुरुवारी तिथल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायचे.

"औषध काय देतात?" माईंनी विचारलं.

"औषध नाही. बोलायचं असतं त्यांच्याशी."

"नुसतं बोलायचं?" माईंनी ओट्याकडे बघितलं. श्यामकांत पाठमोरा उन्हात बसला होता. त्याला उठवायचा प्रयत्न सकाळपासून तीनदा फसला होता. "मग तूच जा ना. त्याच्या नावाने बोल. त्याचं तुला काय ठाऊक नाहीये?"

माणिकलाही ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला वा वाद घालायला तिच्यात त्राणच नव्हतं. पहाटे उठावं, पाणी भरावं, माईंची कंबर शेकावी, नवऱ्याला हाताला धरून पानावर बसवावं आणि वर शेजारणींना "बरे आहेत" म्हणून सांगावं, यात तिचा दिवस उगवायचा आणि मावळायचा. रात्री ती अंथरुणाला पाठ टेकायची ती एका कानाने ओट्याचा कानोसा घेत. झोप अशी तिला लागत नसेच.

वाचनालयाच्या व्हरांड्यात काशीराम नावाचा कंपाउंडर स्टुलावर बसला होता. औषधंच नसलेल्या दवाखान्यात कंपाउंडर कशाला हे कुणालाच माहीत नव्हतं, पण तो पाणी छान द्यायचा. समोर एक लाकडी बाक होतं.

"पेशंट खंय आसा?" त्याने विचारलं.

"मी त्यांच्याकडून आलेय."

काशीरामने खोलीत डोकावून तसं सांगितलं. मग तिला बोलावलं.

डॉक्टर कोठारे साठीचे होते. डोळ्यांखाली काळं, कोटाच्या कोपराला ठिगळ. माणसांचं ऐकून ऐकून थकलेला माणूस दिसतो तसे. माणिकने पदर सावरून सगळं एका दमात सांगितलं, की ते येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने ती आली आहे, काय विचारायचं ते तिला विचारावं.

"म्हणजे ताप त्यांना आणि थर्मामीटर तुमच्या तोंडात?"

माणिकला हसू आलं नाही. "आमच्यात चालतं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. हाकलून देतात की काय, असं तिला वाटलं. पण ते म्हणाले, "बसा. आलाच आहात तर काही गोष्टी आधी सांगतो, म्हणजे नंतर फसवलं असं नको वाटायला. इथे बोललेलं या खोलीबाहेर जात नाही, तुमच्या सासूबाईंनी येऊन विचारलं तरी नाही. मी सल्ला देणार नाही. अमुक करा, तमुक करू नका, हे सांगायला तुमच्याकडे माणसं कमी नसतील. बोलवेल तेवढं बोला, नाही बोलवलं तर गप्प बसा, ती वेळ वाया गेली असं मी धरत नाही. आणि एक मुद्दाम सांगतो. सुरुवातीला बरं वाटण्याऐवजी जास्त वाईट वाटेल. चिडचिड होईल, रडू येईल, अंग मोडून येईल. तेव्हा घाबरून येणं बंद करू नका. आणि चार-सहा वेळा येऊनही माझ्याशी बोलवत नाही असं वाटलं, तर तसं तोंडावर सांगा. मला राग येत नाही."

"हे सगळं त्यांना होईल ना?"

"इथे जो बसतो त्याला होतं," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी तिने श्यामकांतचं सगळं सांगितलं. तो किती जेवतो, कधी उठतो, उन्हात कसा सरकतो. डॉक्टर मान हलवत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "आणि तुम्ही?"

"मला काय झालंय? मी बरी आहे."

घरी माई दारातच उभ्या होत्या. काय म्हणाला डॉक्टर, त्याला काय द्यायचं, पथ्य काय? माणिक म्हणाली, काही नाही. माईंचा विश्वास बसेना. एवढं बोरीवलीला जाऊन काहीच न आणता यायचं म्हणजे काय! निदान उदीची पुडी तरी?

पुढच्या गुरुवारीही तिने नवऱ्याचंच सांगितलं, त्याच्या पुढच्या गुरुवारीही. पण नवऱ्याचं असं दर आठवड्याला नवीन काही घडत नव्हतं. तो बसायचा, सरकायचा, बसायचा. सांगण्यासारखं सगळं संपल्यावर माणिक एकदम म्हणाली, "आमच्याकडे आरेच्या दुधाची एक बाटली जास्त येते."

"जास्त म्हणजे?"

"जयूसाठी लावली होती. माझं दूध पुरायचं नाही तिला. बंद करायचं कुणी म्हणालंच नाही. मी रोज विरजण लावते. इतकं दही कुणी खात नाही घरात."

माणिक खिडकीबाहेर बघत बसली. वेळ संपल्याचं काशीरामने दारावर टकटक करून सांगितलं, तेव्हा ती उठली. बाहेर ती काशीरामने दिलेलं पाणी उभ्यानेच प्यायली आणि घरी कशी पोचली ते तिला नीट आठवलं नाही.

आणि मग डॉक्टर म्हणाले होते तसं सगळं बिघडायला लागलं. आठ वर्षांत सासूला उलट शब्द न बोललेली ही बाई, एका सकाळी माईंनी "दही आंबलंय गं" म्हटल्यावर तिने भांडं मोरीत उपडं केलं. "उद्यापासून ती बाटली बंद करा! कुणासाठी येते ती? सांगा ना, कुणासाठी?" ती इतक्या मोठ्याने ओरडली की पलीकडच्या घरात पाट्यावरचा वरवंटा थांबला. माई आ वासून बघत राहिल्या. मग मोरीशेजारी खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. ओट्यावर श्यामकांतने मान वळवून आत बघितलं. बघितलं एवढंच.

"ते बरे व्हायचे राहिले बाजूला, मीच बिघडले," गुरुवारी ती तणतणत डॉक्टरांना म्हणाली. "मी आता येणार नाही. मला झोप नाही, मला बोलायचा कंटाळा आलाय. मी थकलेय हो."

"हे तुम्ही पहिल्यांदा म्हणालात."

"काय?"

"थकलेय म्हणून."

डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून एक मोठा कागद आणि रंगीत खडूंची पेटी काढून तिच्यापुढे ठेवली. "आज बोलू नका मग. चित्र काढा. चांगलं आलं पाहिजे असं काही नाही, मी मास्तर नाही. तुम्ही नवऱ्याच्या वतीने आलात ना? मग त्यांच्या वतीनेच काढा. ते इथे बसले असते तर त्यांनी काय काढलं असतं?"

रांगोळीपलीकडे माणिकने काही काढलेलं नव्हतं. सवयीने तिने आधी ठिपके घातले, मग ते पुसले. मग तिने आपलं घर काढलं. ओटा, शेवगा. ओट्यावरून उतरणारा एक माणूस, त्याच्या हातात एक गाठोडं. गाठोड्याला तिने आपल्या पातळाचा निळा रंग दिला. मग घरापासून निघणारी वाट, भाताची खाचरं, मिठागराकडे जाणारा बांध. तिथपर्यंत खडू भरभर चालला आणि तिथे थांबला.

"पुढे?" डॉक्टरांनी विचारलं.

माणिकने कागदाच्या मोकळ्या जागेत एक झाड काढलं, भलंमोठं. हिरवा खडू झिजेपर्यंत पानं काढली.

"पुढे मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला त्यांनी कधी सांगितलं नाही, तिला कुठे ठेवलं ते."

"तुम्ही विचारलंत?"

विचारायचं नसतं. बायका जात नाहीत, बायका विचारत नाहीत. आणि घरात आधीच एक माणूस मोडून पडलेला असताना त्याला आणखी काय विचारायचं? हे सगळं ती सांगणार होती, पण तोंडातून शब्दाऐवजी वेगळाच आवाज निघाला आणि ती टेबलावर डोकं टेकून रडली. वैशाखात राहिलेलं सगळं रडली. काशीरामने टकटक करायला हात उचलला होता, तो त्याने तसाच खाली घेतला.

बऱ्याच वेळाने डॉक्टर म्हणाले, "तुम्ही इतके दिवस त्यांच्या वतीने आलात. ते बरे व्हावेत असं तुम्हाला वाटतं, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. पण माणिकबाई, तुम्हाला त्यांच्याकडून काय हवंय?"

तिने नाक पुसलं. "मला ती जागा हवीय," ती म्हणाली.

कागद गुंडाळून ती घरी आली तेव्हा दुपार होती. माई आत लवंडल्या होत्या. शेवग्याची सावली ओट्यावर अर्ध्यापर्यंत आली होती आणि श्यामकांत कडेला, उरलेल्या उन्हात बसला होता. माणिक चपला काढून त्याच्या शेजारी उन्हातच बसली. आत जाऊन पाणी पिण्याइतकीही शक्ती तिच्यात नव्हती, आणि आत्ता नाही विचारलं तर पुन्हा धीर होणार नाही हे तिला ठाऊक होतं.

"अहो," ती म्हणाली, "जयूला कुठे ठेवलंत?"

तिने कागद उलगडून त्याच्या मांडीवर पसरला. "मी इथपर्यंत काढलंय. पुढचं मला येत नाही."

श्यामकांतने कागदाकडे बघितलं. किती तरी वेळ नुसतंच बघितलं. मग त्याच्या कपाळाला एक आठी पडली. माणिकने ती ओळखली, दुसऱ्याने काढलेला चुकीचा नकाशा पुढे आला की पडायची तीच ती.

"वाट अशी नाही वळत," तो म्हणाला. आवाज गंजलेला होता. त्याने बोट टेकवलं. "बांध इथे आहे. मिठागर डाव्या हाताला राहतं. त्याच्या अलीकडे माळ आहे, तिथे." बोट सरकत सरकत झाडापाशी आलं आणि थांबलं. "हे झाड काढलंस."

"असेलच ना एखादं."

"नव्हतं गं." त्याने हिरव्या पानांवर बोट फिरवलं. "तेच तर शोधत होतो मी. तिला घेऊन सगळा माळ हिंडलो, एखादं झाड असेल, झुडूप असेल. भर दुपार होती. ते दोघं म्हणाले, चल रे, किती हिंडवणार, सगळी जागा सारखीच. मग मी ठेवलं तिला. उन्हातच ठेवलं माणिक. एवढंसं पोर, आपण तिला कधी उंबऱ्याबाहेरच्या उन्हात धरलं नाही, आणि मी तिला तिथे उन्हात ठेवून सावलीत येऊन जेवलो."

माणिकने त्याच्या मानेकडे बघितलं. सोलून काळ्या पडलेल्या त्या कातडीचा अर्थ तिला तेव्हा लागला. इतके दिवस ती त्याला हाताला धरून सावलीत ओढत होती आणि तो का येत नाही म्हणून मनातून चिडत होती. तिला त्याचा भयंकर राग आला, की एकट्याने हे का वागवलंस, आणि तितकीच त्याची कीव आली. तिने समजूत घातली नाही. तशी तिला समजूत घालता आलीही नसती. तिने नुसता त्याचा हात धरला आणि दोघं त्या उन्हात रडत बसली. रस्त्यावरून कुणी गेलंही असेल. आतून माई उठून दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

रविवारी दोघं माळावर जाऊन आली. जागा त्याने बरोबर दाखवली. माणिकने तिथे हात टेकला, माती गरम होती. येताना श्यामकांत बांधावर बसून राहिला, त्याला चालवेना. लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. सोमवारी तो पुन्हा ओट्यावर होता, मंगळवारी आंघोळीला उठवावं लागलं, आणि मे महिना तर तोंडावर आला होता.

बुधवारी रात्री पानं वाढताना माणिक म्हणाली, "उद्या गुरुवार. मी तुमच्या वतीने जायची नाही आता. उपास मी करीन हवे तितके. पण हे तुमचं मला बोलता येत नाही. मला माहीतच नव्हतं ते, काय बोलणार होते मी?"

श्यामकांतने भात कालवला, खाल्ला, हात धुतला.

गुरुवारी दुपारी तो कोट घालून ओट्यावर उभा होता. कोट अंगावर ढगळ झाला होता. दोघं बोरीवलीला गेली. व्हरांड्यात काशीरामने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "आज आत कोण जातलो?"

"हे," माणिक म्हणाली. "मी इथे बसते."

श्यामकांत दारात थांबला. "आत काय करायचं असतं?" त्याने हळूच विचारलं. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं विचारतात तसं.

"काही नाही. बसायचं. बोलवलं तर बोलायचं. नंतर फार थकायला होतं, ते सांगून ठेवते."

तो आत गेला. दार लागलं. माणिकने बाकावर बसून घेतलं, पिशवी मांडीवर घेतली. आतून आवाज येतो का म्हणून तिने सवयीने कान दिला आणि मग तिच्या लक्षात आलं की आज कान द्यायची गरज नाही. आतल्या माणसाकडे बघायला आत एक माणूस होता. तिने भिंतीला डोकं टेकलं.

आत किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. दार उघडलं तेव्हा उन्हं कलून थेट व्हरांड्यात आली होती आणि बाकावर माणिक तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती. ऊन तिच्या चेहऱ्यावर होतं. पिशवी खाली घसरली होती, तेही तिला कळलं नव्हतं. श्यामकांत डोळे सुजलेले, रिकामा झालेला असा दारात उभा राहिला.

"उठवू काय बाईंना?" काशीरामने विचारलं. "ऊन इलां तोंडार."

"नको," श्यामकांत म्हणाला. "झोपू दे."

तो बाकापाशी आला. जरा डावीकडे सरकला, मग आणखी थोडा, आणि तिच्या चेहऱ्यावर सावली पडली तिथे उभा राहिला.